हेडर फाइलींचा घोळ प्रात्यक्षिकात हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परभणी-हिंगोलीकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सी भाषेतील प्रकल्पांत मदत करताना असे दिसते, की प्रोग्रॅम कंपाइल होईना झाला की मुले कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) काढून पुन्हा टाकतात, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दोष बऱ्याचदा कंपायलरचा नसतोच. एकाच नावाच्या दोन हेडर फाइलींपैकी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या घोषणा ठेवलेल्या, त्यात जोडल्या जाणाऱ्या फाइलींपैकी) भलतीच उचलली गेलेली असते.

समजा, विद्यार्थ्याने वेळापत्रकाच्या प्रकल्पासाठी ‘टाइम डॉट एच’ नावाची स्वतःची फाइल केली आणि हेडर शोधायच्या फोल्डरांत चालू फोल्डरही जोडले. असे जोडलेले फोल्डर जीसीसी हा कंपायलर प्रणालीच्या फोल्डरांआधी धुंडाळतो, मग फाइलीचे नाव कोनी कंसात असो वा अवतरणचिन्हांत. परिणामी प्रणालीच्या ‘पीथ्रेड डॉट एच’ला (एकाच वेळी अनेक कामे चालवण्यासाठीच्या हेडरला) मूळ ‘टाइम डॉट एच’ऐवजी विद्यार्थ्याचीच फाइल मिळते आणि चुकांची लांबलचक यादी अशा फाइलींवर बोट ठेवते, ज्यांना मुलाने हातही लावलेला नसतो. जीसीसीला उणे चिन्ह आणि इंग्रजी मोठा एच हा पर्याय दिला, तर उघडलेली प्रत्येक हेडर फाइल मार्गासह पडद्यावर येते. कोणती कोणामुळे आली, हे आधीच्या टिंबांवरून कळते. पुढे फाइलीचे नाव बदलले की काम झाले.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. जुन्या हेडरची नक्कल करताना वरच्या ‘इफनडेफ’च्या (एकच हेडर दोनदा जोडले जाऊ नये म्हणून लिहिलेल्या) ओळीतले नाव बदलायचे राहते, त्यामुळे दोन्ही फाइली एकत्र आल्या की दुसरीचा मजकूर गुपचूप गाळला जातो आणि डोळ्यांसमोरचे स्ट्रक्चर (माहितीचे घटक एकत्र बांधणारा प्रकार) कंपायलरला अनोळखी ठरते. येथे वरची यादी पुरत नाही, कारण फाइल तीत दिसतेच. उणे चिन्ह आणि इंग्रजी मोठा ई हा पर्याय देऊन प्रीप्रोसेसरने (कंपाइल होण्याआधी हेडर जोडणाऱ्या टप्प्याने) काय पुढे पाठवले, ते वाचावे लागते.

प्रात्यक्षिक परीक्षेत आज बिनचूक चालणाऱ्या प्रोग्रॅमलाच गुण मिळतात आणि जर्नलमध्येही फक्त अंतिम आउटपुट चिकटवले जाते. त्याऐवजी परीक्षकांनी मुद्दाम असा घोळ असलेला एखादा प्रोग्रॅम द्यावा आणि ‘ही फाइल कोणत्या फोल्डरमधून आली?’ एवढेच तोंडी परीक्षेत विचारावे, अशी अभ्यास मंडळांना विनंती आहे.

– एक संगणक प्रशिक्षक, परभणी