झोपवून पाहिलेला पाय

महोदय,

व्हेरिकोज व्हेन्सवरच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांवरच्या, कॅथेटर (बारीक नळी) उपचाराचा लेख आपण सौंदर्याच्या पानावर छापलात. मी 26 वर्षं खुर्चीमागे उभा राहून लोकांचे केस कापतोय. म्हणजे सौंदर्याच्याच धंद्यातला माणूस, तरी सांगतो, पान चुकलं.

लेख वाचून वाटतं, दिसणारी शीर जाळली की झालं. पण दिसते ती शीर बहुधा मूळ दुखणं नसतेच. रोज संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ माझ्या पायात रुतलेला असायचा, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी गंजासारखी तपकिरी पडली होती. एका डॉक्टरांनी झोपवून पाय पाहिला आणि मलम दिलं. आडवं झालं की फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात, मग दिसणार काय? दुसऱ्यांनी उभं करून डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली. पोटरी दाबली की पडद्यावर रक्त वर चढायचं, सोडली की उलटं खाली यायचं. अशा कातडीखालच्या वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं की शिरेतली, रक्त खाली येऊ न देणारी झडप निकामी धरतात. माझी निकामी झडप होती जांघेत, त्रास घोट्याला.

उपचार लेखात म्हटल्याइतकाच सुटसुटीत. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, सोनोग्राफीवर बघत बघत कॅथेटर वर सरकवायचा आणि टोक खोल शिरेच्या जोडापासून साधारण 2 सेंटिमीटर अलीकडे थांबवायचं. मग शिरेभोवती भुलेचं गार पाणी भरतात. टोचण्या बऱ्याच असतात, जे काय दुखतं ते इथेच. हे पाणी शीर आवळतं आणि आजूबाजूची कातडी, मज्जातंतू भाजू देत नाही. माझं लेसरने नाही, रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने केलं: 120 अंशांवर वीस-वीस सेकंद, एका वेळी 7 सेंटिमीटर. उठवून लगेच चालायला लावलं.

शीर काढत नाहीत, ती आतून बंद होते. पायातलं बहुतेक रक्त तसंही खोल शिरांतूनच वर जातं. म्हणूनच त्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे आधी बघावं लागतं. लेखात त्याचा उल्लेखच नाही. नंतर पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन लगेच दाखवावं, हेही नाही. असं क्वचितच होतं, पण होतं.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. शिरांच्या दोषामुळे पायाला चिघळत्या जखमा झालेल्या रुग्णांचा एक ब्रिटिश अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. दाबपट्ट्या दोन्ही गटांना होत्या. ज्यांच्या शिरांवर लवकर उपचार झाला त्यांतल्या निम्म्यांची जखम 56 दिवसांत भरली, उपचार लांबवलेल्यांतल्या निम्म्यांना 82 दिवस लागले.

पुढचा लेख आरोग्याच्या पानावर घ्यावा ही विनंती. आणि जमलं तर फोटोही बदला. त्यातल्या बाई झोपलेल्या आहेत.

आपला,
एक वाचक