किट वाटायच्या आधी फोन कोण उचलणार ते ठरवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

घरच्या घरी एचआयव्ही टेस्ट करायच्या किटबद्दल हल्ली बरंच बोललं जातंय. मी त्याच्या बाजूचीच आहे, आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच याची शिफारस केलीय. हायवेच्या ढाब्यांवर ट्रक ड्रायव्हर लोकांत मी नऊ वर्षं ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर, म्हणजे वस्तीत जाऊन लोकांना भेटणारी कार्यकर्ती) म्हणून फिरले, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) दारापर्यंत येऊन परत फिरणारी माणसं ढिगाने बघितलीत. "ताई, तिकडं गावचं कोणतरी भेटतंय" हे वाक्य तर पाठ झालंय.

पण किट वाटायला संस्था तयार आहे की नाही हे आपण ठरवतो कसं? आमच्या संस्थेत (नाव नको) एक फॉर्म आला होता. स्टाफ आहे का, कपाट आहे का, रजिस्टर आहे का, ट्रेनिंग झालं का, सगळीकडे टिक मारून मोकळे. कपाट होतं हो, पण पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात दुपारी तिथं माणूस टिकत नाही आणि पाकिटावर तर छापलंय 30 डिग्रीच्या आत ठेवा.

मग मी एक केलं, आमच्याच सात जणांना एकेक किट आणि पत्रक दिलं आणि म्हटलं करा, मी काही सांगणार नाही. हिरड्यांवरून काडी वर एकदा, खाली एकदा फिरवायची, बाटलीत उभी ठेवायची, 20 मिनिटं थांबायचं आणि 40 च्या पुढे वाचायचं नाही, एवढंच तर आहे. एकाने काडी गालातून फिरवली, एकजण मावा थुंकून लगेच बसला, दोघांनी घड्याळच बघितलं नाही. नंतर फिकट रेघेचा फोटो दाखवला तर एकजण म्हणतो, फिकट आहे म्हणजे नसेल. अहो फिकट असली तरी रेघ ती रेघच! ही ट्रेनिंग झालेली माणसं बरं का.

आणि खरा प्रश्न रात्रीचा आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा बसून 11 वाजता टेस्ट करणार, 11.20 ला दोन रेघा दिसणार, म्हणजे एचआयव्ही असू शकतो. त्या दोन रेघा म्हणजे पक्का रिपोर्ट नव्हे, आयसीटीसीत वेगवेगळ्या टेस्ट करूनच नक्की होतं, पण हे त्याला त्या क्षणी सांगणार कोण? पत्रकावर नंबर ऑफिसचा, 10 ते 5.30. 1097 ही सरकारी एड्स हेल्पलाइन आहे, पण माणूस आधी फोन लावतो तो ज्याने हातात किट दिलं त्यालाच, आणि त्या पीअर (त्यांच्यातल्याच, संस्थेसाठी काम करणाऱ्या) पोराच्या रिचार्जचे पैसेसुद्धा बजेटमध्ये नसतात. सकाळपर्यंत गाडी तुमकूरला पोचलेली असते, तिथलं आयसीटीसी कुठं आहे ते आपल्याकडे लिहून ठेवलेलं पाहिजे की नको?

दोन रेघा आल्या नाहीत तरी काम संपत नाही. मागच्या तीन महिन्यांत लागण होण्यासारखं काही झालं असेल तर परत टेस्ट करावी लागते, आणि आधीपासून एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या घेणाऱ्याने हे किट वापरायचंच नाही, रिझल्ट चुकू शकतो.

अजून एक. एका बाईने मला विचारलेलं, होणाऱ्या सुनेसाठी एक द्या, गुपचूप बघून घेते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, हे तिला तोंडावर सांगायला आमची नवीन पोरगी कचरली, आणि किट कुणी नेलं त्याचं रजिस्टर नाव-मोबाईलसकट टेबलावर उघडं पडलेलं. फॉर्ममध्ये या दोन्हीसाठी रकाना नव्हता.

पत्र छापलंत तर काटछाट करा हवी तेवढी, फक्त 1097 हा नंबर तेवढा ठळक छापा, टोल फ्री आहे.

- एक माजी ओआरडब्ल्यू, सांगली जिल्हा