रेडीरेकनरच्या खाली उतरण्याआधी

संपादक महोदय,

बाजार मंदावला की जुना फ्लॅट विकणारे आधी किमतीला हात घालतात. पण किंमत किती उतरवायची याला प्राप्तिकर कायद्याने एक तळ घातला आहे, आणि तो बऱ्याचदा करार नोंदवायला बसल्यावरच कळतो.

समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटचे रेडीरेकनरनुसार, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांनुसार, मूल्य ८० लाख आहे. सवलत फक्त १० टक्क्यांची, तीही विक्रीच्या किमतीवर मोजायची. म्हणजे साधारण ७२ लाख ७३ हजारांपर्यंत उतरलात तर अडचण नाही. ७० लाखांना विकलात तर तुमचा भांडवली नफा विक्रीची किंमत ८० लाख धरून मोजला जाईल, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात न मिळालेले १० लाख जोडले जातील. दुहेरी मार! मुद्रांक शुल्क तर ८० लाखांवरच. म्हणून जाहिरात देण्याआधी मूल्यांकन काढून घ्या आणि त्यात इमारतीच्या वयाचा घसारा धरला आहे ना, ते बघा. अनेक जण नुसता दर गुणिले क्षेत्रफळ करतात आणि आकडा फुगतो. प्रत्यक्ष भाव कळायला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्याच सोसायटीतले अलीकडचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या करारांचे गोषवारे, पाहावेत. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरचे आकडे म्हणजे विकणाऱ्यांच्या अपेक्षा.

गिऱ्हाईक अडते ते बहुधा रोख रकमेपाशी. हाच फ्लॅट ७४ लाखांना ठरला तर बँक ८० टक्के म्हणजे ५९ लाख २० हजार देईल, तेही तिचे स्वतःचे मूल्यांकन तेवढे आले तर. उरले १४ लाख ८० हजार. शिवाय पुण्यात ८० लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे कर्जात बसत नाही. जवळजवळ २१ लाख पदरचे हवेत. अशा माणसाला आणखी एक लाख कमी करण्यापेक्षा हप्ते पाडून दोन-तीन महिने मुदत दिलेली जास्त उपयोगी पडते. करार बाईमाणसाच्या नावे होत असेल तर शुल्कात एक टक्का सूट आहे, हेही सांगावे.

कागद मात्र आधीच फाइलला लावून ठेवावेत: बिल्डरपासूनचे सगळे मूळ करार, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भाग (शेअर) प्रमाणपत्र, करपावती. मधला एखादा करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि जाहीर नोटीस यात आठवडे जातात, आणि मंदीत गिऱ्हाईक तेवढे थांबत नाही. कर्ज चालू असेल तर बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी आधीच मागवा. घेणाऱ्याची बँक पहिल्याच दिवशी तीच मागते. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर फी) महापालिका हद्दीत कमाल २५ हजार. वरची ‘देणगी’ सक्तीची नाही.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी एक निराळी बाब. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख व त्यावरील व्यवहारात घेणाऱ्याने करायची करकपात (टीडीएस) एक टक्का. अनिवासीची याहून कितीतरी जास्त. कमी कपातीचा दाखला इसार घेण्यापूर्वीच काढावा, नाहीतर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकते.

नवे रेडीरेकनर दर १ एप्रिलला लागू होतात. नोंदलेल्या प्रत्येक व्यवहाराची खरी रक्कम नोंदणी विभागाच्या हाती असतेच. जुन्या इमारतींचे व्यवहार वेगळे काढून त्यांचे दर ठरवावेत, आणि जिथे भाव उतरले तिथे दरही उतरवावेत.

– एक मालमत्ता सल्लागार, पुणे