जुना कोड फेकण्याची घाई नको

संपादक महोदय,

एखादी संगणक प्रणाली कोलमडली, की 'जुना कोड फेका, नव्याने लिहा' असा सूर लागतो. प्रोग्रॅमर रोज करतात ते काम वेगळे आहे: कोडची मांडणी सुधारायची, पण बाहेरून दिसणारे वर्तन तसूभरही हलू द्यायचे नाही. हे रिफॅक्टरिंग. घोळ होतो तो बहुधा ही दुसरी अट मोडल्यामुळे.

ज्या फंक्शनला (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) हात लावायचा, त्याच्या आजच्या आउटपुटवर आधी टेस्ट, म्हणजे ते आउटपुट तपासणारा छोटा कोड, लिहावी. आउटपुट चुकीचे वाटले तरी, कारण त्या चुकीवरही कोणता तरी दुसरा कोड विसंबून असतो. मग एकच बदल: नाव बदलणे किंवा लांबलचक फंक्शनमधला तुकडा वेगळा काढणे. टेस्ट चालवा, कमिट करा (बदलाची नोंद गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात करा), पुढचा घ्या. टेस्ट फेल झाली तर डीबग करत, म्हणजे चूक शोधत, बसण्यापेक्षा मागच्या कमिटवर परतावे. दहा ओळी पुन्हा लिहायला कितीसा वेळ लागतो? एडिटरच्या 'रीनेम'वरही पूर्ण भिस्त नको. स्ट्रिंगमध्ये (कोडमधल्या अवतरणातल्या मजकुरात) किंवा कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) लिहिलेले नाव त्यातून अनेकदा निसटते.

सारखी दिसणारी दोन फंक्शन्स एकत्र करणे तर हमखास फसवते. ०.३३३ च्या तीन रकमा आधी दोन दशांशांपर्यंत राउंड करून बेरीज केली तर ०.९९ येतात, बेरीज करून राउंड केले तर १.००. कोडमध्ये फरक फक्त एका ओळीच्या जागेचा.

बगफिक्स आणि रिफॅक्टरिंग एकाच कमिटमध्ये कोंबणे ही सर्वांत वाईट खोड. चाळीस फाइलींच्या नामांतरात '>' चे '>=' झालेले रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. पुढे बिघाड झाल्यावर गिट बायसेक्ट (बिघाड कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारी गिटची कमांड) त्या अवाढव्य कमिटपाशी आणून सोडतो, तिथून शोध हातानेच.

वापरात नसलेला कोडही वेळीच काढावा. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये एक फंक्शन वापरणे थांबवले, पण कोड तसाच ठेवला. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या ऑर्डर मोजणारा भाग दुसरीकडे हलवला. त्या जुन्या फंक्शनची फेरचाचणी झाली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या फंक्शनचाच जुना फ्लॅग (कोडचा भाग चालू करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला गेला आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नव्हता. तिथे तो मृत कोड जागा झाला, मोजणी हलवलेली असल्याने ऑर्डर पाठवतच राहिला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. खोडलेली ओळ गिटमध्ये राहतेच, त्यामुळे 'असू दे, लागेल कधीतरी' या सबबीत काही अर्थ नाही.

— एक सॉफ्टवेअर अभियंता