मॉलमध्ये बसायचे कुठे?

महोदय,

वयाची ऐंशी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना चष्म्याची नवी फ्रेम घ्यायची होती, म्हणून गेल्या रविवारी आम्ही शहरातल्या एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. फ्रेम पंधरा मिनिटांत पसंत पडली; मॉलमधून बाहेर पडेपर्यंत मात्र दोन तास गेले. मॉलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असाच अनुभव मला याआधी दुसऱ्या दोन मॉलमध्येही आलेला आहे.

चष्म्याचे दुकान दुसऱ्या मजल्याच्या एका टोकाला आणि लिफ्ट दुसऱ्या टोकाला होती. वडिलांचे गुडघे शंभरेक पावलांनंतर कुरकुरू लागतात आणि त्या लांबलचक, चकचकीत मार्गिकेत टेकायला एकही बाक नव्हता. शोभेच्या झाडांच्या कुंड्यांना रुंद कठडे होते, पण तिथे कोणी बसू नये म्हणून त्यांवर अणकुचीदार दगड बसवलेले होते. अखेरीस वडील एका बुटांच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसले. तिथला तरुण विक्रेता अदबीने विचारत होता, ‘काका, कोणता नंबर दाखवू?’ पहिल्यांदा वडील ‘नको’ म्हणाले, दुसऱ्यांदा ‘बघतोय’ म्हणाले आणि तिसऱ्यांदा तो जोड हातात घेऊन समोर बसलाच, तेव्हा संकोचाने त्यांनी पाय पुढे केला. ‘अगं, बसण्याचं भाडं म्हणून एक बूट तरी घालून बघायला नको का?’ असे ते नंतर मला म्हणाले.

हा सगळा प्रकार केवळ निष्काळजीपणातून घडतो असे मला वाटत नाही. सरकता जिना चढून गेल्यावर पुढचा जिना शेजारी न मिळता अर्धा मजला वळसा घालून गेल्यावर मिळतो, मोठी दुकाने दोन टोकांना असतात म्हणजे मधल्या सगळ्या छोट्या दुकानांसमोरून जावेच लागते, आणि खिडक्या व घड्याळे जवळपास नसतातच, त्यामुळे बाहेर अंधार पडला तरी आत पत्ता लागत नाही. जे घ्यायला आलो ते विसरून माणूस नुसता भटकू लागतो, त्या अवस्थेला या व्यवसायात ‘ग्रुएन ट्रान्सफर’ असे नावच आहे. ते व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराच्या नावावरून पडले. व्हिएन्नात 1903 मध्ये जन्मलेल्या आणि 1938 मध्ये अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या ग्रुएन यांनी मिनियापोलिसजवळच्या एडिना येथे साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारले. ते 1956 मध्ये खुले झाले. पण त्या मॉलच्या मधोमध झाडे, कारंजे, पक्ष्यांचा पिंजरा आणि लोकांना निवांत बसता येईल असे मोठे प्रांगण होते, कारण युरोपातल्या गावचौकासारखी माणसांना भेटण्याची जागा ग्रुएन यांना हवी होती. पुढच्यांनी वळसे तेवढे उचलले आणि बाक सोडून दिले. आपल्या कल्पनेचे झालेले हे रूप पाहून ग्रुएन यांनी 1978 मध्ये अशा मॉलशी असलेले आपले नाते जाहीरपणे नाकारले होते.

दुसरा मुद्दा रस्ता सापडण्याचा. प्रत्येक मजल्यावर ‘तुम्ही येथे आहात’ असा लाल ठिपका असलेला नकाशा होता. मात्र आपण ज्या दिशेला तोंड करून उभे असतो ती दिशा नकाशात वरच्या बाजूला असेल, तरच नकाशातले डावे हे आपले डावे ठरते. येथे एकच नकाशा छापून चारही भिंतींवर लावलेला असल्यामुळे तो एका ठिकाणी बरोबर आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी दिशाभूल करणारा होता. आम्ही त्यावर विसंबून लिफ्टऐवजी मालवाहतुकीच्या बोळात पोहोचलो. तिथल्या आपत्कालीन दरवाजासमोर छातीइतक्या उंचीचे खोके रचलेले होते. सुरक्षारक्षकाला विचारले तर ‘आत्ता उचलतील’ असे उत्तर मिळाले. रशियातील केमेरोवो शहरात मार्च 2018 मध्ये एका मॉलला आग लागली तेव्हा चित्रपटगृहाचे दरवाजे बंद असल्याने आणि बाहेरचे मार्ग अडलेले असल्याने साठ जणांचा बळी गेला, त्यात निम्म्याहून अधिक लहान मुले होती. खोके ‘आत्ता’ उचलले जाईपर्यंत आग वाट पाहत नाही, एवढे व्यवस्थापनाला नक्कीच ठाऊक असणार.

वाहनतळाबद्दल फार लिहीत नाही. त्याचे चारही मजले एकाच राखाडी रंगाचे आणि खांबांवरचे आकडे पुसट, एवढे सांगितले म्हणजे पुरे. चाकाची खुर्ची मॉलमध्ये होती, पण ती मुख्य प्रवेशद्वारापाशी, ओळखपत्र जमा करून घ्यायची. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याने आधी तिथवर चालत जायचे. कर्मचाऱ्यांविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही, सगळे सौजन्याने वागले.

मागणी मोठी नाही. प्रत्येक मार्गिकेत ठरावीक अंतरावर पाठ आणि हात असलेले बाक असावेत (हात असायलाच हवेत, कारण गुडघे दुखणाऱ्याला बसण्यापेक्षा उठणे अवघड जाते), नकाशे भिंतीगणिक वेगळे छापावेत आणि आपत्कालीन दरवाजे दररोज उघडून तपासावेत. बाकावर बसलेला माणूस काही खरेदी करत नाही हा हिशेब मला समजतो. पण त्याला घेऊन आलेली मुलगी, सून किंवा नातू तेवढ्या वेळात खरेदी करू शकतात. आमच्या यादीत आणखी तीन वस्तू होत्या, त्या न घेताच आम्ही परतलो.

निघताना स्वच्छतागृहाच्या दाराशी हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची बटणे असलेले एक यंत्र दिसले: ‘आमची सेवा कशी वाटली?’ वडिलांनी सर्वांत हसरा चेहरा दाबला. मी आश्चर्याने पाहिले तेव्हा म्हणाले, ‘अख्ख्या मॉलमध्ये काही न घेता बसायला मिळालं ते इथंच.’

आपली,
एक वाचक