चप्पल उचलणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमच्या कोटावरचा नावाचा बिल्ला उलटा होता, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे.

रक्ताच्या कॅन्सरच्या इंजेक्शनांनी माझ्या ११ वर्षांच्या मुलाचे रिपोर्ट सुधारले, पण पाय अडखळू लागले. चालताना चप्पल निसटायची आणि ती मागे राहिल्याचं त्याला कळायचंसुद्धा नाही. आधी ज्यांना दाखवलं, त्यांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "अशक्तपणा आहे, खायला घाला." नातेवाइकांनी तर सरळ 'नाटकं' म्हटलं.

त्या दिवशी तुमच्या दारातच त्याची चप्पल सुटली. तुम्ही खुर्चीतून उठलात, ती उचललीत, फरशीवर बसून त्याच्या पायात घातलीत. आणि बोललात ते माझ्याशी नाही, त्याच्याशी.

पायाच्या अंगठ्याला पोचणारी नसेची पेशी कंबरेपाशी, कण्याजवळ सुरू होते. पेशीला लागणारा माल तिथेच तयार होतो आणि तिच्या आतल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून खाली उतरतो. नेणारा हमाल म्हणजे कायनेसिन नावाचं प्रथिन. दोन पायांवर चालतं, एका पावलात ८ नॅनोमीटर. मोडीचा माल वर आणायला डायनीन. कायनेसिन १९८५ साली माकूलच्या जाड नसेत सापडलं, म्हणालात. "आपण खातो तेच माकूल?" हे त्यानं विचारलंच! एक हमाल शंभरेक पावलांत रुळावरून सुटतो, पण तोवर त्याच ओझ्याला दुसऱ्यानं हात लावलेला असतो, हे सांगताना तुम्ही त्याचा पाय हातात धरून ठेवला होता.

त्याच्या इंजेक्शनातलं औषध, व्हिन्क्रिस्टीन, ह्या नलिकाच मोडतं. त्यांच्याशिवाय कॅन्सरच्या पेशीला दुभंगता येत नाही. पण नसांचे रूळही त्याच नलिकांचे, म्हणून सगळ्यात लांबचा रस्ता आधी खचतो. औषध निघतं सदाफुलीतून. आमच्या तुळशीशेजारी तीच आहे. रोज तिची फुलं देवाला वाहते, तरी मला ठाऊक नव्हतं.

हुशार डॉक्टर ह्या दोन वर्षांत पुष्कळ भेटले. अकरा वर्षांच्या पोराला उत्तर द्यायचं असतं, हे मात्र फार थोड्यांना सुचलं. 'नाटकं' हा शब्द त्याच्या मनातून गेला तो तुमच्यामुळे.

घरी त्यानं टेपनं कंबरेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं. ७० सेंटीमीटर, म्हणजे पावणेनऊ कोटी पावलं. वहीत लिहून ठेवलंय, तुम्हाला दाखवायला.

काल जिन्यात चप्पल पुन्हा निसटली. तो थांबला, मागे वळला आणि स्वतःच म्हणाला, "आई, सुटली."

— त्याची आई