चि. मंदारला, रविवारच्या भांडणानंतर

पुणे, मंगळवार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

स्वारगेटला तुझी बस सुटली तेव्हा मी हात केला नाही, ते दोन दिवस टोचतंय. गच्चीवर तू म्हणालास, "तुम्ही स्वतः वीस वर्षं ओढलीत, मला काय सांगता?" खरं आहे. म्हणून या पत्रात सिगारेटचं नावही काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

रिपोर्टचं आई फोनवर अर्धवट सांगेल, म्हणून मीच लिहितो. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या स्कॅनमध्ये, दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. पाठीला स्टेथोस्कोप लावला की तुझ्या लहानपणच्या सँडलचा पट्टा ओढल्यावर व्हायचं तसं चर्र ऐकू येतं म्हणे. नाव इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. पल्मनरी फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात व्रण पडणं, आणि इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलेलं नाही. एवढं भारदस्त नाव, आणि अर्थ 'माहीत नाही'!

तसं म्हणण्याआधी डॉक्टरांनी पोलिसासारखी चौकशी केली. घरात कूलर आहे का, सांधे सुजतात का, हृदयासाठी कुठली गोळी चालू आहे का, बाल्कनीत कबुतरं बसतात का. शेजारच्या काकू ज्वारी टाकतात ते सांगितलं, पण आपल्याकडे जाळी आहे. कबुतरांमुळेही फुफ्फुसात असे व्रण पडतात, फक्त त्या आजाराचं नाव वेगळं. मग कामाचं निघालं. भोसरीत ३१ वर्षं ग्राइंडरवर होतो म्हटल्यावर ते लिहायचे थांबले. धातूची धूळ, लाकडाचा भुसा, दगडाची भुकटी यांत राबलेल्या माणसांत हा आजार जास्त दिसतो. त्यात वय साठीपुढचं, पुरुष, आणि एके काळी ओढलेली. तू झालास त्या वर्षी सोडली, तरी ते खातं पूर्ण बंद होत नाही. बघ, काढलंच नाव. माफ कर.

आम्लपित्ताचंही विचारलं. ते असणाऱ्यांत हा आजार बराच आढळतो, पण कशामुळे काय होतं हे अजून ठरलेलं नाही. आईला मात्र माझ्या रात्रीच्या भज्यांवर बोलायला विषय मिळाला.

माझ्या दादाची नखं आठवतात तुला? टिंबर मार्केटातल्या वखारीत जन्म गेला त्याचा, आणि दोन वर्षं दमा समजून पंप ओढत राहिला. शेवटी बोटांची टोकं फुगून नखं गोल झाली होती, आपण त्यावरून चेष्टा करायचो. परवा डॉक्टरांनी माझी दोन नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली. मध्ये शंकरपाळ्यासारखी फट दिसायला हवी. दिसली नाही.

दोघे सख्खे भाऊ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, घरात कुणाचे केस तिशीच्या आत पिकले? मी हसलो. दादाला लग्नाआधी कलप लावून बसवला होता. काही घराण्यांत गुणसूत्रांची टोकं लवकर आखूड होतात. त्या माणसांचे केस लवकर पिकतात, आणि कधी कधी फुफ्फुसंही. केस पिकलेले सगळेच आजारी पडत नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी एकदाच ऐकलं. मला दिवाळी दिसत होती. आई तुझे पांढरे केस उपटत होती, एका केसाला एक रुपया, आणि तू एकोणीस रुपये मागितलेस. सव्विसाव्या वर्षी.

जोखीम म्हणजे कारण नव्हे, हे मलाही कळतं. माझ्या शेजारच्या मशिनवरचे दोघे आजही ठणठणीत आहेत. पण वय बदलत नाही, रक्त बदलत नाही. तुझ्या हातात आहे अशी एकच गोष्ट आहे, आणि ती तू दोन बोटांत धरून उभा होतास. पुन्हा भाषण झालं. तुला तेच आवडत नाही, माझ्या वडिलांचं मलाही आवडायचं नाही.

तुझ्या पहिल्या पगारातला ऑक्सिमीटर रोज लावतो. बसून ९४, जिना चढून आलो की ८९. सुरू होणाऱ्या गोळ्या व्रण पुसत नाहीत, पुढची वाढ मंदावतात. त्यांनी भूक जाते आणि ऊन सोसत नाही, म्हणून पर्वतीला जायचं तर आता सकाळी सहालाच. तू खांद्यावर बसून १०३ पायऱ्या मोजायचास आणि दर वेळी सत्तेचाळीस गाळायचास, मग वर पोचल्यावर एक कमी भरली म्हणून पुन्हा खाली चल म्हणायचास. मी उतरायचोसुद्धा, गधड्या. गेल्या गुरुवारी दोनदा टेकलो.

आईला आकडे सांगू नकोस. शनिवारी फोन कर, तिच्यासमोर नको.

तुझा,
बाबा

ता. क. स्कूटरच्या डिकीत तुझं पाकीट राहिलंय. आत चार आहेत. फेकलेलं नाही, आईला दाखवलेलंही नाही.